ओएचसी सिटीला 4-2-1 हेडर: कोल्हापुरातल्या पार्किंगमधली नोंदवही

गाडी 2001ची होंडा सिटी 1.5 व्हीटेक, म्हणजे आपल्यात जिला सगळे नुसतं 'ओएचसी' (ओल्ड होंडा सिटी) म्हणतात ती. 1493 सीसी, नवी असताना 106 बीएचपी, आज काट्यावर 1 लाख 84 हजार किलोमीटर. गेल्या हिवाळ्यापासून सकाळी थंड इंजिन चालू केलं की पुढून टक-टक असा आवाज यायचा आणि पाच मिनिटांत बंद व्हायचा. आधी टॅपेटवर संशय घेतला, क्लिअरन्स तपासला, तो बरोबर निघाला. मग हीट शील्डचा पत्रा काढला आणि बिडाच्या मॅनिफोल्डवर (चारही सिलिंडरचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा भाग) दोन आणि तीन नंबरच्या मधे केसाएवढी चीर दिसली, कडेला काजळी धरलेली. बीड तापलं की फुगून चीर मिटते, म्हणून आवाज थांबायचा. एकदा वेल्डिंग करून घेतलं, चार महिन्यांत बाजूलाच पुन्हा चिरलं. तेव्हा त्याच्या जागी हेडर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी असलेला मॅनिफोल्ड, टाकायचं ठरवलं.

हेडर 4-2-1 (चार नळ्यांच्या आधी दोन, मग एक), एसएस 304 स्टेनलेसचं, नळ्या बाहेरून 38 मिलिमीटर, पत्र्याची जाडी 1.6. परगावच्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतलं. 4-1 (चारांची थेट एक) मागायचं का, यावर बराच विचार केला होता. या इंजिनचा फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. 4-2-1मध्ये एक-चार आणि दोन-तीन अशा जोड्या लावतात, त्यामुळे एका जोडीतल्या दोन सिलिंडरचे झोत क्रँकच्या बरोबर एका फेऱ्याच्या अंतराने येतात आणि एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. फायदा मधल्या आरपीएमला मिळतो. 4-1 वरच्या टोकाला फुलतं, पण मी गाडी गगनबावड्याच्या घाटात चालवतो, ट्रॅकवर नाही. मला तिसऱ्या गिअरमधे अडीच ते साडेचार हजारांतलं खेचणं हवं होतं.

8 नोव्हेंबर, शनिवार

चार संध्याकाळी रोज नटांवर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन अर्धं-अर्धं मिसळून सोडत होतो. रस्टोलीनपेक्षा हे खोल झिरपतं, हा माझा अनुभव आहे. मात्र ॲसिटोन लगेच पेट घेतं, म्हणून गार इंजिनवरच सोडायचं. आज बॅटरीची निगेटिव्ह काढली, मागच्या चाकांना विटा लावल्या, पुढून गाडी स्टँडवर घेतली. रेडिएटर आणि पंखे काढून टाकले. या गाडीचा मॅनिफोल्ड रेडिएटरच्या बाजूला असल्यामुळे ते न काढताही हात जातो, पण अर्ध्या तासाची कुलंट सांडासांड परवडली, हाताची सोलपटं नकोत.

12ची गोटी, लांब दांडी. वरची रांग सरळ सुटली. खालच्या रांगेत चार नंबरपाशी नट फिरायला लागला आणि दांडीवर हाताला कळलं की नट नाही, अख्खा स्टडच (हेडमधे रोवलेला आट्यांचा दांडा) फिरतोय. तिथे थांबलो. इंजिन कोमट असतं तर कदाचित नीट निघाला असता. हळूहळू मागे-पुढे करत बाहेर आणला तेव्हा आट्यांत ॲल्युमिनियमची चकाकती तार गुंडाळून आली. हेडचे आटे गेले.

त्या संध्याकाळी दुसऱ्या कशाला हात लावला नाही.

9 नोव्हेंबर

हेलिकॉइल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी. एम8, 1.25 पिच. पोर्टमधे चिंधी घट्ट कोंबली, ड्रिलच्या बिटाला 16 मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळली म्हणजे भोक जास्त खोल जाणार नाही. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं, बुरा त्यातच अडकतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि दर तीन फेऱ्यांनी टॅप बाहेर काढून पुसायचा. आरशात बघत गुण्या लावून टॅप काटकोनात आहे का पाहत होतो, कारण इथे तो तिरका गेला तर फ्लँज (हेडरची हेडला टेकणारी जाड पट्टी) कधीच नीट बसणार नाही. कॉइल पृष्ठभागाच्या अर्धा फेरा आत बसवली, तळाची शेपटी ठोकून मोडली आणि चुंबकाने ओढायला गेलो तर येईना. तीही स्टेनलेसच. शेवटी लांब चिमट्याने काढली. हे लिहून ठेवतोय कारण शेपटी आत राहिली तर स्टड तळाला टेकतो आणि आपल्याला वाटतं नट आवळला.

15 नोव्हेंबर

हेडर आलं. वेल्डिंग देखणं, आतून आर्गन सोडून केलेलं, पोर्टमधे बोट फिरवलं तर मणी जाणवत नाही. पण फ्लँज काचेवर ठेवला आणि तो पाळण्यासारखा डुलला. वेल्ड एकाच बाजूने ओढतं, त्यामुळे दोन्ही टोकं उचलली गेली होती. एक आणि चार नंबरखाली 0.65 मिलिमीटरचं फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) आरपार गेलं. फॅब्रिकेटरला फोन केला तर उत्तर मिळालं, "आवळल्यावर बसतं सर, सगळ्यांचं बसतं."

बसतं, पण ते आवळायचं कुणी? 10 मिलिमीटर जाडीची पट्टी ॲल्युमिनियमच्या आट्यांनी ओढून सरळ करायची म्हणजे गेल्या आठवड्यातला स्टड प्रत्येक टोकाला पुन्हा घडवायचा. हेडर घेणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: नळ्यांचा रंग आणि वेल्डचे मणी नंतर बघा, आधी फ्लँज काचेवर ठेवा.

उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात नेलं. सरफेस ग्राइंडर चालवणाऱ्या काकांनी हातात घेतलं आणि टेबलावर ठेवायच्या आधीच मान हलवली. "ह्ये मॅग्नेटला चिकटत न्हाई बघा. तीनशेचार हाय. शेजारी मिलिंगवर न्या, आणि घाई करू नगा त्याला." खरंच होतं, ग्राइंडरचा तक्ता लोहचुंबकाचा, 304ला तो धरतच नाही. मिलिंगवर बाजूने क्लँप लावून हलके हलके चार पास घेतले, एकूण 0.7 उतरलं. 600 रुपये झाले. घरी काचेवर पुन्हा तपासलं, 0.10चं फीलर कुठूनही शिरलं नाही.

तिथेच टोकाची भोकं गोल कानशीने लांबट केली. हिशोब असा: 304 एका अंश तापमानाला मीटरमागे साधारण 17 मायक्रॉन वाढतं. फ्लँज 35 सेंटीमीटर धरला आणि तो 400 अंशांनी तापला तर जवळपास 2.4 मिलिमीटर लांबतो. ॲल्युमिनियमचा हेड वाढायला त्याहून उत्सुक, पण त्याच्यातून पाणी फिरतं, तो एवढा तापतच नाही. मधली भोकं 9 मिलिमीटरची घट्ट ठेवली, टोकाची आडवी 10.5. फ्लँजला सरकायला जागा नसेल तर तो स्टड वाकवतो किंवा नळीच्या मुळाशी चिरतो.

22 आणि 23 नोव्हेंबर

जोडणी. शेजारचा मुलगा मदतीला होता, डिप्लोमाला आहे, प्रश्न चांगले विचारतो. खालून हेडर वर सरकवताना तोच म्हणाला, "काका, थांबा, पंख्याला लागतंय." कलेक्टरकडे (नळ्या एकत्र येतात त्या जागेकडे) वळणारी नळी आणि पंख्याचं प्लॅस्टिक यांत जेमतेम 6 मिलिमीटर. भंगारातून पातळ पंखा आणला, आता 17 आहे.

गॅस्केट मूळ कंपनीचं, पोलादी थरांचं, कोरडंच बसवलं. सिलिकॉन अजिबात लावलेलं नाही; त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सरला मारते. सगळे स्टड नवे, आट्यांना तांब्याचं ग्रीस. मधून बाहेर जात तीन टप्प्यांत 31 न्यूटन-मीटर. सेन्सर 44. सेन्सरची जागा मी आधीच सांगून ठेवली होती: चारही नळ्या एकत्र आल्यानंतर, आणि आडवा न ठेवता वर तिरका, म्हणजे सकाळचं पाणी त्याच्या टोकावर साचत नाही. चारापैकी एकाच नळीत सेन्सर बसवलेली हेडरं मी पाहिली आहेत. ईसीयू (इंजिनचा संगणक) मग एकाच सिलिंडरचं ऐकून चौघांना पेट्रोल वाढतो.

कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आणि मागचा सगळा सायलेन्सर जसाच्या तसा. हेडरचं शेवटचं टोक जुन्याच फ्लँजला जुळतं, मधे लवचिक जाळीचा जोड आहे, कारण आडवं इंजिन गिअर टाकला की पुढे-मागे डुलतं आणि सरळ नळी ते सहन करत नाही.

चालू करण्याआधी गळती तपासली. व्हॅक्यूम क्लीनर उलटा लावून मागून हवा सोडली आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी ब्रशने फिरवलं. फ्लँजला एक बुडबुडा नाही. दोन-तीनच्या जोडावर मात्र टाचणीच्या टोकाएवढा एक फुगा, फुटायचा, पुन्हा यायचा. सेन्सरच्या आधी एवढी जरी गळती राहिली तरी दोन झोतांच्या मधे तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि गाडी विनाकारण जास्त पेट्रोल पिते. हेडर परत खाली काढलं, उद्यमनगरात टिग वेल्डिंगचा एक ठिपका, पुन्हा वर, अर्थात नव्या गॅस्केटसह. रविवार यातच गेला.

संध्याकाळी थिनरने नळ्या पुसल्या (बोटांचे तेलकट ठसे तापल्यावर स्टेनलेसमधे कायमचे भाजले जातात) आणि किल्ली फिरवली. टक-टक नाही. पहिली दोन मिनिटं थोडा धूर, मग मुळाशी नळ्या फिकट गव्हाळ झाल्या, हळूहळू सोनेरी, आणि वळणाच्या आतल्या अंगाला जांभळट निळी रेघ उमटली. चारही नळ्यांवर रंग सारखाच चढला, म्हणजे चारही सिलिंडर सारखे जळताहेत. आम्ही दोघं टॉर्च धरून बराच वेळ बघत बसलो होतो.

30 नोव्हेंबर

तीनदा तापवून गार केल्यावर नट पुन्हा तपासले. टोकाचे तीन नट प्रत्येकी एक-अष्टमांश फेरा फिरले. हे गार इंजिनवरच करायचं.

हेडरला कापडी पट्टी गुंडाळली नाही, गुंडाळणारही नाही. ती पट्टी आमच्याकडच्या पावसात चार महिने ओली राहते आणि पातळ नळी आत कुजत जाते. त्याऐवजी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं शील्ड वाकवून बसवलं, नळीपासून 20 मिलिमीटर दूर.

आकडे: जुना मॅनिफोल्ड आणि डाऊनपाइप मिळून 9.8 किलो, नवं हेडर 6.3. तिसऱ्या गिअरमधे 60 ते 100, पहाटे रिकाम्या हायवेवर, फोनच्या व्हिडिओवरून मोजलेली पाच फेऱ्यांची सरासरी 7.9 सेकंदांवरून 7.5. यातला काही वाटा चीर बंद झाल्याचा आहे, सगळं श्रेय हेडरला देणार नाही. घाटात चढावर तीन हजारांवर पाय दाबला की पूर्वीचा तो क्षणभराचा जडपणा गेला आहे. आवाज आत बसून तीन हजारांपर्यंत पूर्वीइतकाच, त्यावर थोडा भरदार. मला तो एवढाच हवा होता.

पीयूसी काल केलं, सीओ 0.18 टक्के, आधीच्या वर्षी 0.31 होतं. पुढच्या वर्षी फिटनेस आहे. मोटार वाहन कायद्याचं 52वं कलम बदलांबद्दल कडक आहे, त्यामुळे दुसरा, बिनचिरेचा मूळ मॅनिफोल्ड शोधून तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे, त्याच्या गॅस्केट आणि नटांसकट. तपासणीच्या आठवड्याआधी तो चढवून गाडी मूळ रूपात न्यायची, हे आत्ताच ठरवून टाकलंय. रेडिएटर काढण्यापासून धरलं तरी आता हे एका दिवसाचं काम आहे.