आदर्कीच्या चढावर अल्को

अल्को, म्हणजे त्या नावाच्या अमेरिकी कंपनीच्या बनावटीचं जुनं डिझेल इंजिन, ऐकायला केलेल्या आधीच्या दोन खेपा फुकट गेल्या होत्या. एकदा ईएमडी (दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या बनावटीचं डिझेल इंजिन) आलं, एकदा विजेचं इंजिन. पुणे-मिरज मार्गावर तारा आल्यापासून मालगाडीला अल्को दिसणं नशिबाचा भाग झालाय. तरी जानेवारीतल्या एका रविवारी सकाळीच लोणंदला उतरलो आणि आदर्कीची वाट धरली. मिरजेकडे जाणाऱ्या भरल्या गाडीला इथे चढ लागतो, आणि अल्को ऐकावं तर ओझं ओढतानाच.

रुळांपासून लांब, ज्वारीच्या शेताच्या बांधावर उभा राहिलो. मालकांना आधी विचारलं होतं. "थांबा की निवांत, फक्त रुळावर जाऊ नका," एवढंच म्हणाले.

दोन तास काहीच नाही. मग वळणामागून आवाज आला आणि अंगावर काटा आला. ईएमडीचं इंजिन दोन स्ट्रोकचं, त्याची सलग घरघर असते. अल्कोचं '२५१' नावाचं इंजिन चार स्ट्रोकचं, सोळा सिलिंडरचं. चढावर ते धापा टाकतं, ठोका न् ठोका वेगळा ऐकू येतो. पाठोपाठ झाडांवर काळा धूर चढला. ड्रायव्हरने नॉच, म्हणजे ताकदीची पायरी, वाढवला की डिझेल लगेच जास्त जातं, पण इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या जोरावर, त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. तेवढा वेळ हवा कमी पडते आणि डिझेल अर्धवट जळतं. टर्बोने वेग घेतला तसा धूर विरळ होत गेला.

डब्ल्यूडीजी-३ए या मालगाडीच्या अल्को इंजिनांची जोडी होती, मागे टँकरची लांबलचक रांग. हे घराणं जुनं: १९६२ साली अमेरिकेतून पहिली डब्ल्यूडीएम-२ आली, १९६४ पासून ती वाराणसीत बनू लागली. तिचं इंजिन २६०० अश्वशक्तीचं, तर याच २५१ इंजिनातून डब्ल्यूडीजी-३एला ३१०० मिळते. शिवाय गिअर मालगाडीच्या हिशेबाने: मोटरकडे १८ दाते, चाकाकडे ७४. वेग कमी, ओढ जास्त. ती ओढ समोर दिसत होती. गाडी माणसाच्या धावण्याइतक्या वेगाने चढत होती आणि पायाखालचा बांध थरथरत होता. पुढच्या इंजिनाच्या हूडवर तेलाचे ओघळ होते, त्यावर धूळ बसून काळी साय धरलेली. कठड्याचा पिवळा रंग मात्र हात लागून लागून घासून गुळगुळीत झालेला.

फोटो मोजून चार काढले. नंतर मोबाईल खाली धरून नुसतं रेकॉर्डिंग केलं, शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत.

संध्याकाळी ते काकांना ऐकवलं. त्यांची सगळी नोकरी पुण्यात घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये, इंजिनं दुरुस्त होतात तिथे, झाली. डोळे मिटून त्यांनी दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "मागच्या इंजिनाचा एक सिलिंडर नीट मारत नाहीये रे. परत लाव."