जिप्सीच्या खाली गेलेले चौदा महिने

मूळ ओढ जोंगाची, म्हणजे सैन्याच्या जुन्या जीपवजा गाडीची होती. आमचे काका महूला छावणीत सिव्हिलियन कारकून होते. सुट्टीत त्यांच्याकडे गेलं की फाटकातून आत-बाहेर करणाऱ्या जोंगा बघत मी कट्ट्यावर बसून असायचो. निसानच्या ‘पॅट्रोल’ गाडीवर बेतलेली, जबलपूरच्या कारखान्यात बनणारी ही गाडी, तिचं नावही जबलपूरवरूनच पडलं. पण जवळजवळ चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन पोसायचं कसं आणि सुटे भाग आणायचे कुठून, हे दोन प्रश्न सुटले नाहीत. म्हणून मारुतीची जिप्सी. १९८५ च्या डिसेंबरात बाजारात आलेली ही गाडी पुढे सैन्याने हजारोंनी घेतली. तिचं सामान आजही इंदूरच्या छोटी ग्वालटोलीत विचारलं तर मिळतं.

मला मिळाली ती २००३ सालची, १.३ लिटरची, एमपीएफआय इंजिनाची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळं पेट्रोल फवारणारी. सैन्यातून बाद झालेल्या गाड्या लिलावात लॉटने जातात, त्यातला एक लॉट घेतलेल्या व्यापाऱ्याकडून मी ती घेतली. नंबर अजून बंपरवर होता. वर टोक असलेला बाण, त्यापुढे ०३. ते दोन आकडे म्हणजे खरेदीचं साल.

कुणी अशी गाडी बघायला निघालं की मी त्याला सांगतो, आधी कागद बघ, मग चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, इंजिन सगळ्यात शेवटी. माझ्या व्यापाऱ्याने फॉर्म २१ ची, म्हणजे विक्रीच्या दाखल्याची, झेरॉक्स दाखवली आणि मूळ प्रत ‘पाठवून देतो’ म्हणाला. सैन्यातल्या गाडीची नोंदणी पहिल्यांदा नागरिकाच्या नावाने करताना विक्रीचा तो मूळ दाखलाच लागतो, झेरॉक्स चालत नाही. मूळ प्रत हातात यायला साडेतीन महिने गेले. तोवर गाडी अंगणात उभी, पैसे दिलेले, आणि मी रात्री उठून कागदांची फाईल चाळायचो. पुन्हा घेतली तर मूळ प्रत हातात पडल्याशिवाय एक रुपयाही देणार नाही.

काम घरीच करायचं हे पक्कं होतं. लोकमान्य नगरातल्या आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे आई कुरडया-पापड वाळवते. ती म्हणाली, “उन्हाळ्याआधी जागा मोकळी करून दे, एवढंच.” तो उन्हाळा गेला, पुढचाही अर्धा गेला. ती एका शब्दाने बोलली नाही, गच्चीवर वाळवणं घालत राहिली.

सुरुवात रंगापासून केली, कारण खाली काय दडलंय ते दुसऱ्या कशाने कळत नाही. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून पुढच्या मडगार्डावर बसलो. वर ऑलिव्ह ग्रीन, त्याखाली जरा पिवळट झाक असलेला दुसरा ऑलिव्ह ग्रीन, त्याखाली प्रायमर. चाकाच्या कमानीवर ब्रश जरा हळू फिरवला तेव्हा दोन थरांच्या मधून स्टेन्सिलची अक्षरं वर आली, ‘टी पी’ आणि पुढे टायरच्या हवेचा आकडा. त्याच्याच खाली, बोटभर डावीकडे सरकलेली, तीच अक्षरं पुन्हा. कुठल्या तरी युनिटमध्ये कुणा जवानाने गाडी रंगवली, स्टेन्सिल धरून हवा किती भरायची ते लिहिलं, आणि काही वर्षांनी दुसऱ्या कुणी तेच काम पुन्हा केलं. मी ब्रश बंद केला, फोटो काढले, आणि त्या दिवशी तेवढंच काम झालं.

तो रंग ठेवता आला नाही याचं मला आजही वाईट वाटतं, पण नियम बरोबर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. तो रंग बघून फाटकावरचा शिपाई सलाम ठोकतो, त्यामुळे तो आपल्या गाडीवर असता कामा नये. मी गडद राखाडी निवडला.

पत्रा जिप्सीच्या नेहमीच्या जागांवर खाल्लेला होता. पाय ठेवायच्या जागेखालचा फ्लोअर, काचेच्या चौकटीचा तळ, बॅटरीचा ट्रे, मागच्या चाकांच्या पाठीमागचे कोपरे. फ्लोअरवर रबरी चटई होती आणि तिच्याखाली ओल धरून राहिली होती. स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो सरळ खाली गेला. चासी मात्र ठीक होती. हातोडी घेऊन मी ती टोकापासून टोकापर्यंत ठोकत गेलो. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, गंजलेल्याचा बद्द. मागच्या शॅकलजवळ, म्हणजे स्प्रिंगच्या टोकाच्या कडीजवळ, वीतभर जागेत तेवढा बद्द आवाज आला. तिथलं लोखंड कापून नवा तुकडा घातला. वेल्डिंग मला येत नाही आणि चासीवर शिकायची हिंमत केली नाही. पिथमपूरला फॅब्रिकेशनमध्ये काम करणारा आमचा मावसभाऊ चार रविवार आला. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवून ईसीयूचे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचे, कनेक्टर काढायचे, हे त्यानेच बजावलं.

खरा वेळ पुढच्या ॲक्सलने खाल्ला. गाडी कॉलनीतल्या रस्त्यावर ठीक चालायची, पण बायपासवर पंचावन्नच्या पुढे गेली आणि एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग दोन्ही बाजूंना असं थडथडायचं की ब्रेक लावून गाडी जवळजवळ थांबवावी लागायची. मागे बसलेला धाकटा भाऊ पहिल्यांदा ओरडलाच. तीन ठिकाणी दाखवली. एकाने चाकं बॅलन्स केली, दुसऱ्याने टाय रॉड एंड बदलले, तिसऱ्याने नवा स्टिअरिंग डॅम्पर बसवला. डॅम्परने महिनाभर बरं वाटलं, कारण थरथर दाबून धरणं हेच त्याचं काम. रोग तिथेच होता.

शेवटी शेजारचे काका आले. सैन्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झालीत. त्यांनी ॲक्सल जॅकवर उचलायला लावला, चाक वरून आणि खालून धरून हलवलं आणि म्हणाले, “किंगपिन उघड. बाकी काही करू नकोस.” किंगपिन म्हणजे ज्या खिळीवर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं ती.

कॅलिपर, हब, स्पिंडल, ॲक्सल शाफ्ट असं एकेक काढत नकलपर्यंत, म्हणजे किंगपिनवर वळणाऱ्या, चाक धरणाऱ्या भागापर्यंत पोचलो. आत घट्ट ग्रीस असायला हवं होतं. निघाली ताकासारखी पातळ काळी राड. आतलं ऑइल सील गेल्यामुळे डिफरन्शियलचं, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचं, तेल शाफ्टवरून येऊन ग्रीसमध्ये मिसळत होतं आणि किंगपिनची बेअरिंगं त्या पाण्यात चालत होती. खालच्या बेअरिंगचा कप, म्हणजे बाहेरचं कडं, पुसून काकांनी माझं नख त्यावरून फिरवलं. रोलर जिथे बसतात तिथे एकसारख्या अंतरावर बारीक खाचा. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे रोलर वर्षानुवर्षं तेवढ्याच जागी ठोके खात राहतात आणि कपात घर करतात. मग चाकाला धरून ठेवणारा घट्टपणा उरत नाही, आणि एका खड्ड्याने सुरू झालेली थरथर थांबत नाही.

चारही बेअरिंगं, दोन्हीकडची सीलं आणि नकलच्या बाहेरच्या फेल्ट पट्ट्या नव्या घातल्या. किंगपिनखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, घालून घट्टपणा जुळवायचा असतो, आणि तो हाताने अंदाज घेऊन जमत नाही. काकांनी शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा ताणकाटा आणला, नकलच्या टोकाला अडकवला, आणि नकल वळायला किती ओढ लागते ते वाचत एकेक पातळ शिम काढत गेले. डाव्या बाजूला सात वेळा उघडझाक झाली. मी दुसऱ्यांदाच “चालेल” म्हणालो होतो. ते म्हणाले, “चालेल म्हणूनच ही अशी झाली.”

बदल करायची माझी यादी लांब होती, आणि ती कापत जाणं हे कामच होऊन बसलं. बंपरपुढचा जाड लोखंडी गार्ड आधी गेला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेऊन २०१७ च्या डिसेंबरात केंद्राने राज्यांना अशा गार्डांवर कारवाई करायला सांगितलंय. धडकेत तो धक्का चासीत घालतो आणि समोरच्या पायी माणसाचा जीव घेतो, हे वाचल्यावर कायदा नसता तरी मी बसवला नसता. टायरमध्येही मोह होता. सैन्यातल्या माझ्या गाडीवर जुने नायलॉनचे एफ ७८-१५ होते. त्यांच्या उंचीच्या जवळ जाणारा रेडियल म्हणजे २१५/७५ आर १५. तो साधारण ७०३ मिलिमीटर उंच भरतो. त्याहून मोठा घेतला असता तर गाडी उचलावी लागली असती आणि नुकत्याच बसवलेल्या नकलवर भार वाढला असता. हेडलाइटला मात्र रिले, म्हणजे करंट थेट बॅटरीतून देणारा वेगळा स्विच, घालून जाड वायर टाकली. सगळा करंट स्विचमधून जात असल्यामुळे दिवे मंद जळत होते, आता रात्रीचा घाटरस्ता नीट दिसतो. पाट्यांची, म्हणजे लीफ स्प्रिंगची, इंदूरकरांच्या कमानीची, पानं सोडवून घासली, नवे बुश घातले. ट्रान्सफर केसचे, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचे, तीन रबरी माउंट फाटले होते, ते बदलल्यावर लो गिअर आपोआप निसटणं थांबलं.

पहिल्यांदा फोर व्हील टाकून बघायचं ते डांबरावर नाही, हे काकांनी दोनदा सांगितलं. जिप्सीत पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मधे डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, कोरड्या रस्त्यावर तो फरक कुठे जिरत नाही आणि सगळा पीळ गिअरांवर येतो. म्हणून पावसाची वाट बघितली. जुलैत नोंदणी झाली, एमपी ०९ ची पाटी लागली, आणि त्याच रविवारी काकांना घेऊन महूवरून मानपूरकडे निघालो. जानापावच्या पायथ्याजवळ आमच्या ओळखीच्यांचं सोयाबीनचं शेत आहे.

माळव्याची काळी माती पावसात चाकाला गूळ चिकटावा तशी चिकटते. बांधाजवळच्या वाटेवर मागची चाकं जागीच फिरायला लागली. थांबून लो टाकला, क्लच सोडला, आणि पाय ॲक्सिलरेटरवर न दाबताच गाडी पायरी चढावी तशी शांतपणे वर आली. काका काही बोलले नाहीत. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून दार दोनदा थोपटलं.

येताना बायपासवर सत्तरला मुद्दाम रस्त्याच्या एका जोडावरून नेली. स्टिअरिंग हललं नाही.

घरी आल्यावर आईने चहाला हाक मारली, पण मी आधी टॉर्च घेऊन खाली शिरलो. दोन्ही नकलच्या गोलावरून बोट फिरवलं. फेल्टच्या कडेला ग्रीस आलेलं नव्हतं. नुसता चिखल होता, तो सकाळी धुवायचा ठरवून बाहेर आलो.