फूल सरळ का काढत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

घरी येणारं जवळजवळ प्रत्येकजण भिंतीवरच्या माझ्या जास्वंदीच्या चित्रापाशी थबकतं आणि विचारतं, "फूल चांगलं काढता येत असताना असं तुकडे करून का काढता? आणि हे शिकायचं कसं?"

तुकडे मी करत नाही हो, बघायची जागा बदलते. याला क्युबिझम म्हणतात: एकच वस्तू वेगवेगळ्या बाजूंनी बघायची आणि एकाच चित्रात मांडायची. तांब्यात जास्वंदीची फांदी खोचली आहे असं धरा. खुर्चीत बसलं की तांब्याचं पोट दिसतं, काठ मात्र चपटा. उठून उभं राहिलं की काठ पुरता गोल होतो, आतलं पाणीही दिसतं. मला दोन्ही हवं असतं, एकाच कागदावर. फुलाचंही तेच. पाकळ्या समोरून काढते, पण मधली पुंकेसरांची लांब दांडी बाजूनं. समोरून ती नुसती ठिपक्याएवढी दिसते, आणि दांडीशिवाय जास्वंद कसली?

काठ असा उचलून दाखवायची खोड फ्रेंच चित्रकार सेझानची. १९०७ साली, तो गेल्यानंतर वर्षभरानं, पॅरिसला त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि पिकासो, ब्राक ही तरुण चित्रकार मंडळी त्याच वाटेनं पुढे क्युबिझमपर्यंत गेली. गंमत म्हणजे त्यांच्या ऐन भरातल्या चित्रांत फुलं क्वचितच सापडतात. गिटार, बाटल्या, पेले, वर्तमानपत्रं, बस! रंगही करडे आणि मातकट, म्हणजे डोळा रंगात न रमता आकाराकडे जावा. फुलदाणीतल्या गुलाबांना टेबलावर जागा दिली ती त्यांच्यातल्याच हुआन ग्रिसनं, १९१४ मध्ये, कागद चिकटवून.

म्हणून शिकताना लाल रंग लांब ठेवा. यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), काळा, पांढरा, एवढ्यावर पहिली काही चित्रं होऊ द्या. लाल आला की सगळं चित्र त्याच्याच मागे धावतं.

इंटरनेटवर एक सोपी युक्ती फिरते: साधं फूल काढा, त्यावर पट्टीनं आडव्यातिडव्या रेघा मारा, प्रत्येक चौकटीत वेगळा रंग भरा. दिसतं छान, पण ती रंगीत काचांची खिडकी झाली. पाहणारा जागचा हललाच नाही, तर कसला क्युबिझम?

खरी मेहनत कडांची. पाकळीचा एक तुकडा घ्या. एका कडेला गडद रंग लावा आणि ओल्या फ्लॅट ब्रशनं तो दुसऱ्या बाजूला विरवत न्या. ती दुसरी कड बंद करू नका. तिथून पाकळी मागच्या भिंतीत शिरू दे, भिंत पाकळीत येऊ दे. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्यांचा हात इथे हमखास अडतो, कारण बाह्यरेषा पक्की करायची सवय बोटांत मुरलेली असते. ॲक्रेलिक भराभर वाळतं, तेव्हा एका वेळी एकच तुकडा घ्या. सावलीही एकाच बाजूला पडायला हवी असं नाही. प्रत्येक तुकड्याला आपापला उजेड.

ब्रशची धास्ती वाटत असेल तर आधी रद्दी काढा. ब्राकनं १९१२ मध्ये लाकडाच्या नक्षीचा भिंतीचा कागद कापून चित्रात चिकटवलाच होता. वर्तमानपत्राच्या पाकळ्या, खाकी कागदाचा तांब्या. हे तुकडे न चिकटवता टेबलावर हवे तसे सरकवून बघा. जमलं की मग फेव्हिकॉल.