हालश्टाट : मिठाच्या डोंगराखालचं गाव

ऑस्ट्रियातल्या हालश्टाटचं रेल्वे स्टेशन गावात नाहीच, तळ्याच्या पलीकडच्या काठावर आहे. गाडीतून उतरायचं, उतारानं धक्क्यावर यायचं आणि बोटीत बसायचं. बोट निघाली की गाव हळूहळू उलगडत जातं. पाण्याला टेकलेली घरांची एक ओळ, तिच्या डोक्यावर दुसरी, आणि लगेच उभा कडाच. एवढ्याशा जागेत साडेसातशेच्या आसपास माणसं राहतात. तळं जवळपास १२५ मीटर खोल, दक्षिणेला डाखश्टाइनचे डोंगर २,९९५ मीटरपर्यंत चढलेले. या काठानं गावात यायला १८९० पर्यंत धड रस्तासुद्धा नव्हता. होडी नाहीतर पायवाट.

अशा अडचणीच्या जागी माणसं का राहिली असतील? मिठासाठी. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्र आटला, त्याचं मीठ डोंगराच्या पोटात अडकलं, आणि गेली सात हजार वर्षं माणसं ते काढताहेत. मिठानं या गावाला पैसा दिला, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यानं इथलं काहीच कुजू दिलं नाही. चामड्याच्या पाठपिशव्या, लोकरी कापडाचे तुकडे, जळक्या ढलप्या, सगळं खाणीत जसंच्या तसं सापडलं. खाणकामगारांची विष्ठासुद्धा! तिच्या तपासणीतून कळलं, की सुमारे २७०० वर्षांपूर्वी हे लोक सातू, बाजरीसारखी धान्यं आणि शेंगांचे दाणे खात होते, निळ्या बुरशीचं चीज खात होते आणि बिअरही पीत होते.

मला मात्र सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते खाणीतल्या लाकडी जिन्यानं. २००३ मध्ये सापडलेल्या या जिन्याची झाडं इसवीसनपूर्व १३४४ च्या सुमारास तोडली होती, हे लाकडातल्या वर्तुळांवरून ठरवता आलं. दोन जण सहज एकमेकांना ओलांडतील एवढा तो रुंद आहे. पायऱ्या बाजूच्या तुळयांच्या खाचांत अशा बसवल्या आहेत, की जिना कमी-जास्त कलानं उभा केला तरी पायरी आडवी सपाट करता यायची. पाठीवर मिठाचं ओझं घेऊन अंधारात चढणाऱ्याचा पाय कसा पडेल, याचा विचार कुणीतरी तीन हजार वर्षांपूर्वी केला होता. त्या अनाम सुताराबद्दल मनात फार आदर दाटून आला.

खाणीच्याच वरच्या दरीत १८४६ मध्ये योहान गेओर्ग रामसाउअर या खाण-अधिकाऱ्याला जुनी थडगी सापडली. १८६३ पर्यंत त्यानं ९८० थडगी उकरली आणि प्रत्येकाची नोंद ठेवली. काय कुठे होतं, ते जलरंगात चित्रं काढून टिपलं गेलं. उत्खननाचं शास्त्र नीटसं आकाराला आलेलं नसताना दाखवलेली ही शिस्त! पुढे युरोपातल्या साधारण इसवीसनपूर्व ८०० ते ४५० या काळालाच हालश्टाट संस्कृती म्हणू लागले.

खाली गावात जिवंतांनाच जागा नाही, तर मृतांना कुठून असणार? चर्चच्या आवारातलं थडगं काही वर्षांनी उकरायचं, कवटी स्वच्छ करून उन्हात ठेवायची आणि शेजारच्या अस्थिगृहात मांडायची, अशी पद्धत पडली. तिथे बाराशेच्या आसपास कवट्या आहेत, त्यातल्या सहाशेहून अधिक रंगवलेल्या. कपाळावर नाव, वर्ष, भोवती ओक किंवा आयव्हीची पानं, कुठे गुलाब. एकाच आडनावाच्या कवट्या शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत. आत शिरताना छातीत धडधडत होतं, पण भीती वाटलीच नाही. मायेनं रंगवलेली ती पानं बघत मी बराच वेळ उभी राहिले. शेवटची कवटी १९९५ मध्ये ठेवली गेली.

बहुतेक पर्यटक काठावर फोटो काढून दोन-तीन तासांत परततात, आणि त्यांचा लोंढा या चिमुकल्या गावाला खरोखर जड जातो. तुम्ही गेलात तर मुक्काम करा, खाणीपर्यंत चढा, आणि मिठाच्या पाण्याच्या नळाच्या वाटेनं थोडं तरी चाला. खारं पाणी आटवायला प्रचंड लाकूड लागायचं. तेव्हा लाकूड इथे आणण्यापेक्षा पाणीच लाकडाकडे न्यायचं ठरलं. सुमारे तेरा हजार ओंडके आतून पोखरून १५९५ ते १६०७ दरम्यान एबेनझेपर्यंत ४० किलोमीटरचा नळ टाकला. आता ओंडके नाहीत, पण खारं पाणी आजही नळातून एबेनझेलाच जातं आणि तिथेच त्याचं मीठ होतं.