बयाणा रोखीनं देऊ नका, आणि पैशाचा माग

नाशकात इंदिरानगरात किंवा पाथर्डी फाट्याला जुना फ्लॅट बघायला गेलं की चहा संपायच्या आत प्रश्न येतो, "वर किती?" म्हणजे खरेदीखतात दाखवायचे किती आणि रोख किती. हे विचारणारा दलाल असेल तर गंमतच आहे. वर्षाला २० लाख किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेले मालमत्ता दलाल डिसेंबर २०२० पासून मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आहेत. गिऱ्हाइकाची ओळख तपासणं, नोंदी पाच वर्षं जपणं, संशयास्पद व्यवहार केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला कळवणं हे त्यांचं काम. कळवलं हे ते तुम्हाला सांगणार नाहीत, कारण तशी मनाई आहे. मे २०२३ पासून गिऱ्हाइकाच्या वतीनं घराचा आर्थिक व्यवहार पार पाडणारे सीएही त्यात आले. तेव्हा "पैसा कुठून आला?" असं कुणी विचारलं तर अपमान समजू नका.

खरा घोळ बयाण्यापासून सुरू होतो. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि हा आकडा एका पावतीचा नाही. १९,००० तीनदा घेतले तर दुसऱ्याच हप्त्याला मर्यादा मोडते. दंड घेणाऱ्याला, म्हणजे विक्रेत्याला, आणि तो घेतलेल्या रकमेएवढाच: ५ लाख रोख घेतले तर दंड ५ लाख. बेअरर चेकनं भागत नाही. अकाउंट पेयी चेक, डीडी नाहीतर आरटीजीएस.

बयाणा बँकेतून देण्याचं दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारनं ठरवलेले मालमत्तेचे दर बदलतात ते बहुधा १ एप्रिलला. मार्चमध्ये साठेखत आणि मेमध्ये खरेदीखत झालं तर आयकरासाठी मार्चचा दर धरता येतो, पण काही रक्कम साठेखताच्या दिवशी किंवा आधी बँकेमार्फत गेलेली असेल तरच. रोख टोकन दिलं की ही सवलत गेली.

आता "वर" देणाऱ्यांचं गणित. खरेदीखतात ५२ लाख, रेकनरची किंमत ६० लाख. फरक ८ लाख, ५२ लाखांच्या १० टक्क्यांपेक्षा (५.२ लाख) जास्त. म्हणून पूर्ण ८ लाख खरेदीदाराचं उत्पन्न धरलं जातं. टीडीएसही ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात दोहोंतल्या मोठ्या रकमेवर, म्हणजे ६० लाखांवर १ टक्का, ६०,००० रुपये. तो खरेदीदारानं कापून भरायचा. विक्रेत्याचा पॅन चालू आहे ना, हे पैसे देण्याआधी बघा. पॅनच नसेल तर दर २० टक्के.

पैशाचा माग दाखवायला नाशकात सर्वात अवघड जातं ते शेतीच्या पैशात. पैसा चोख असतो, कागद नसतो. बाजार समितीची हिशोबपट्टी, व्यापाऱ्याच्या खात्यातून आलेली रक्कम, त्या वर्षांचा पीक नोंदीचा सातबारा, विवरणपत्रात दाखवलेलं शेती उत्पन्न, हे चारही जुळले की बँकेचा अधिकारी पुढचं विचारत नाही. तीन वर्षांची रोकड कर्जाच्या अर्जाआधी महिनाभरात खात्यात भरली तर मात्र नक्की विचारतो, पट्ट्या असल्या तरी. समृद्धी महामार्गाच्या मोबदल्यावर सिन्नर-इगतपुरीकडच्यांनी घर घेताना मोबदल्याचा कागद आणि जमा झाल्याची नोंद दोन्ही जपावी.

मेव्हण्याच्या खात्यातून परस्पर विक्रेत्याला पैसे पाठवणं ही आणखी एक खोड. ते उसने असतील तर आधी तुमच्या खात्यात घ्या, साध्या कागदावर का होईना करार करा, मग तुमच्या खात्यातून पुढे द्या. खरेदीखतात प्रत्येक हप्त्याची तारीख, बँक आणि यूटीआर क्रमांक (बँकेतून पैसे पाठवल्यावर मिळणारा व्यवहार क्रमांक) लिहा. मसुद्यात एक आकडा चुकला की पुढे सगळ्या पासबुकांची उलथापालथ.

नाव कुणाचं लावता तेही बघा. आपल्या ज्ञात उत्पन्नातून पत्नीच्या, पतीच्या किंवा मुलांच्या नावावर घर घेतलं तर ते बेनामी ठरत नाही. आईवडील किंवा भावंडं मात्र सहमालक म्हणून चालतात, आणि दस्तात तुमचंही नाव हवं. पैसे तुमचे आणि दस्त एकट्या भावाच्या नावावर, तर बेनामी कायद्याचा प्रश्न उभा राहतो. शिक्षा एक ते सात वर्षं, शिवाय बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड.

विक्रेत्यानं आधी कुठून घेतलं हेही पाहायचं. तीस वर्षांचा सर्च घेताना वकिलाला फक्त इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश) नव्हे, तर सातबाऱ्यावरचे इतर हक्क आणि सर्साईची, म्हणजे तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीतली नोंदही तपासायला सांगा. जप्तीचा आदेश असेल तर तो अशा ठिकाणी सापडू शकतो. ईडीची तात्पुरती जप्ती १८० दिवसांची असते आणि पुढे कायमही होऊ शकते. तेवढा काळ तुमच्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

आणि सौदा फिसकटला, तर बयाणा ज्या खात्यातून आला त्याच खात्यात परत करा. परताव्यालाही तोच २०,००० चा नियम आहे.