हिरडीवरची साय

"मॅडम, दोन महिने झाले, ब्रशला हात लावला नाही. नुसती चूळ भरली तरी आग होते."

बाई 44 वर्षांच्या, शेतात राबणाऱ्या. सोबत मुलगा आणि औषधांच्या रिकाम्या पाकिटांची पिशवी: बी-कॉम्प्लेक्स, तोंडात लावायची जेल, अँटिबायोटिकचे दोन कोर्स. पाच महिन्यांत कुणी उष्णता सांगितली होती, कुणी पोट साफ नाही म्हणालं होतं. एका ठिकाणी तर "दात घासत नाही, म्हणून हे झालंय" असं ऐकून त्या रडत घरी गेल्या होत्या.

मलाही आधी कीटणच दिसलं. पायोरिया समजून मी स्केलिंगची, म्हणजे दातांवरचं कीटण खरवडून काढायची, तयारी केली. पण पायोरियाची लाली दाताच्या कडेशी जास्त असते. इथे अख्खी हिरडी, वर ओठाच्या घडीपर्यंत, लालभडक होती. नीट दिसावं म्हणून हवेचा हलका फवारा मारला आणि सुळ्याच्या वरची साल उचलली गेली. दुधावरची साय फुंकरीनं सरकावी, अगदी तशी. खाली ओलं, रक्ताळलेलं मांस. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला, पण तोंडातून आवाज काढला नाही. मी फवारा खाली ठेवला.

"अंगावर कुठे फोड?"

"अंगावर नाही. डोक्यात एक खपली आहे, जाता जात नाही."

मग स्केलिंग बाजूला राहिलं. बायोप्सी घ्यायची ठरली. अशा वेळी तुकडा जखमेतून घेऊन उपयोग नसतो, कारण तिथला वरचा थरच गेलेला असतो. जखमेशेजारची शाबूत दिसणारी हिरडी लागते, आणि ती कापतानाही सुटून येते. तुकडे दोन घेतले. एक फॉर्मलिनमध्ये. दुसरा इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, म्हणजे पेशींना चिकटलेली प्रतिपिंडं चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी; तो फॉर्मलिनमध्ये पडला की वाया जातो, म्हणून सलाइनच्या बाटलीत. ती बाटली घेऊन मुलगा त्याच दुपारी एसटीनं पुण्याला गेला.

रिपोर्ट आला: पेम्फिगस व्हल्गॅरिस. तोंडातल्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं डेस्मोग्लीन-3 नावाचं प्रथिन असतं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्यावरच उलटते, पेशी सुटतात, साल निघते. निम्म्याहून जास्त रुग्णांमध्ये सुरुवात तोंडातून होते. स्टेरॉइड येण्याआधी हा आजार बहुतेकांचा जीव घ्यायचा. म्हणूनच त्या गेलेल्या पाच महिन्यांचं मला फार वाईट वाटतं.

सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे लागट नाही ना? घरी माझं ताट-तांब्या वेगळा ठेवलाय."

मी मुलाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. "अजिबात लागट नाही," मी त्यालाच सांगितलं. "आजपासून एकत्र जेवा."

त्वचारोगतज्ज्ञांनी स्टेरॉइड सुरू केलं, पुढे उलटलेल्या प्रतिकारशक्तीला आवरणारं रिटक्सिमॅब दिलं. हिरड्या मात्र माझ्याकडे होत्या. कीटणामुळे हा आजार होत नाही, पण साचलेलं कीटण सूज वाढवतं आणि हिरडी भरून येऊ देत नाही. दुखतं म्हणून ब्रश बंद, ब्रश बंद म्हणून आणखी दुखणं, असं ते चक्र. फोड आटोक्यात आल्यावर मशीन न लावता, हातानं, बधिर करणारी जेल लावून, एका वेळी चार-पाच दात साफ केले.

चौथ्या महिन्यात त्यांना अतिमऊ ब्रश दिला आणि बेसिनपाशी उभं केलं. हलक्या हातानं दात घासून त्या थुंकल्या. मग वाकून बराच वेळ बेसिनमध्ये बघत राहिल्या. फेस पांढराच होता.