आमची वाटचाल: पावतीपुस्तकांपासून चित्रपुस्तकांपर्यंत

कराडमधला आमचा छापखाना सासऱ्यांनी सुरू केला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची हँडबिलं हेच काम. लोक मोबाइलवर पत्रिका पाठवू लागले तसं ते आटत गेलं. त्याच सुमारास, 2016 साली, प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या आमच्या वन्सं 'स्टोरीवीव्हर' या मुलांच्या गोष्टींच्या वेबसाइटवरच्या मराठी गोष्टी वर्गासाठी छापून मागायला आल्या. प्रथम बुक्स या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेनं त्याच्या आदल्या वर्षीच हा खजिना सर्वांसाठी खुला केला होता. लेखक, चित्रकार आणि परवाना यांचा उल्लेख ठेवला की पुस्तक कुणीही छापावं, विकावंसुद्धा. आमच्यासारख्या छोट्या प्रेसला हा मोठाच आधार होता. सोळा पानी, सेंटर पिन मारलेला पहिला संच वन्संच्या वर्गात गेला आणि केंद्रातल्या इतर शाळांकडूनही मागणी आली.

मी वर्गात जाऊन बसू लागले. मुलं गोष्ट रंगून ऐकायची, पण "आता मनानं लिहा" म्हटलं की 'गाईला चार पाय असतात'वर यायची. श्रुतलेखनात हीच मुलं जोडाक्षरं बिनचूक काढत. म्हणजे अडत होतं ते अक्षरांपाशी नाही. लिहावं असं काही हाताशी नव्हतं. चांगलं चित्रपुस्तक ते देतं. शब्द एक सांगतात, चित्र आणखी काही दाखवतं, आणि पान उलटताना मधलं काहीतरी सुटतं. ते सुटलेलं सांगायला मुलं उतावीळ होतात.

म्हणून आम्ही स्वतःची पुस्तकं काढायचं ठरवलं. पहिलं बिनशब्दांचं, म्हशीचं. चित्रं वन्संची. एका पानावर म्हैस खुंट्याला बांधलेली, पुढच्या पानावर नुसतं दावं पडलेलं. मधे काय झालं ते आधी शेजाऱ्याला सांगायचं, मग खालच्या रेघांवर लिहायचं. पाटणकडच्या एका शाळेत दुसरीतल्या मुलानं लिहिलं: 'म्हशीनं दावं तोडलं न्हाई. आज्ज्यानं सोडलं. तिला बाजारात न्ह्यायची हाय. म्हनून आज्जी भाईर आली न्हाई.' आजी त्या पुस्तकात कुठंच काढलेली नाही!

गुरुजींनी सवयीनं लाल पेन उचललं. वन्सं म्हणाल्या, "गुरुजी, पहिल्या खर्ड्याला हात नको लावूया." आता हे आम्ही प्रत्येक संचाच्या कव्हरच्या आत छापतो. दुसऱ्या दिवशी मुलानं आपलं लिखाण मोठ्यानं वाचायचं, ऐकणाऱ्याला जिथं कळलं नाही तिथं भर घालायची. ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हं त्यानंतर. निवेदनात प्रमाण मराठी सावकाश येऊ द्यावी, पात्रांच्या तोंडी घरची बोली राहू द्यावी, असं आम्ही शिक्षकांना आग्रहानं सांगतो. पालकांना पटवणं जास्त अवघड जातं, त्यांना वही स्वच्छ हवी असते.

शेवटी मूल आपलं पुस्तक करतं. एफोर कागद तीनदा दुमडायचा, उलगडून मधल्या घडीवर दोन घरांइतका काप द्यायचा, की आठ पानांचं पुस्तक उभं राहतं. कव्हरवर लेखक म्हणून मुलाचं नाव. छपाई एकाच बाजूला, त्यामुळे परवडतं. कोविडमध्ये शाळा बंद होत्या तेव्हा हेच कागद गावातल्या किराणा दुकानांतून घरोघर गेले.

2021 मध्ये केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान आलं, तिसरीपर्यंतच्या वाचन-लेखनाकडे सगळ्यांचं लक्ष वळलं आणि आमच्या ऑर्डरी वाढल्या. बिलं मार्चअखेरीस निघतात, म्हणून पत्रिकांचं काम अजून ठेवलंय.

सध्या ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संच तयार होतोय. हंगामात बीडकडून टोळ्या येतात, मुलांची शाळा मधेच सुटते. चित्रं काढण्याआधी वन्सं फडावर जाऊन आल्या: कोप्या म्हणजे त्यांच्या झोपड्या, कोयते, वाढ्यांचे (उसाच्या हिरव्या शेंड्यांचे) भारे, बैलगाडीखाली झोपलेलं बाळ. हेही पुस्तक बिनशब्दांचंच आहे. मूल बीडच्या बोलीत लिहील, ते तसंच राहील. किंमत कागद-छपाईपुरतीच ठेवणार आहोत. या मुलांना शिकवणाऱ्या कुणालाही नमुना हवा असेल तर छापखान्यात यावं, घडी कशी घालायची तेही करून दाखवू.